विहीणबाई, नातीच्या सुईबद्दल

विहीणबाईंना नमस्कार (गुडघे धरलेत, म्हणून न वाकता). तुमची कंबर कशी आहे? जीभ टुणटुणीत आहे हे कळलं. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून दुकानातली इस्त्री बाजूला ठेवून लिहितेय.

मागच्या सुईने नातीला ताप आला, मांडी सुजली, आता गोवराची सुई नको, असं म्हणे तुम्ही तुमच्या लेकाला बजावलंत. अहो, ताप आला तसा उतरला, आणि उतरल्या उतरल्या बाईसाहेबांनी माझा चष्मा मोडला! वर म्हणता, "आमच्यात कुणी टोचून घेतलं नाही, काय बिघडलं?" तुमची धाकटी नणंद गोवरातच गेली ना? तिला विचारा काय बिघडलं ते. इथे शेजारी बेकरीवाल्याचं पोर गोवराने दवाखान्यात पडलंय, छाती भात्यासारखी वरखाली होते. परवापर्यंत आपली नात त्याच्याच चटईवर रांगत होती. आणि तुम्हाला हट्ट सुचतो.

शेवटी मीच जावयाला आणि नातीला घेऊन सुई टोचायला दवाखान्यात गेले (माझी लेक कामावर). जावईबापू फोनमध्ये बघून विचारतात, एवढ्याशा जिवाला इतक्या सुया झेपतात का? नर्सबाई म्हणाली, "दादा, ती मघापासून तुमची चप्पल चाटतेय. ते झेपतंय ना?" जावयांनी चप्पल बाकाखाली सरकवली. मला मात्र चेव चढला. उभी राहून बाकांवरच्या झाडून सगळ्या आईबापांना फैलावर घेतलं. तुमचं नाव घेतलं नाही, "आमची एक नातेवाईक" एवढंच म्हटलं (सगळे जावयाकडे बघत होते). दारातून परत फिरलेला एक बाप माझं ऐकून पोराला टोचून घेऊन गेला. या भरात आपला नंबर पुकारला तो मला ऐकूच आला नाही. शेवटी नर्सबाईच ओरडली, "मावशी, भाषण संपलं असेल तर बाळ आणा!"

तर आता खुसपट काढू नका. तुम्ही आजी आहात, डॉक्टर नाही.

तुमची (इलाज नाही म्हणून) विहीण

ता. क. सुई अजून टोचलेली नाही. पोरीने माझ्याकडे बघून ओठ काढले, आणि इस्त्रीचा चटका बसला तरी हूं की चूं न करणारी मी, तिला उचलून जिना उतरून थेट रस्त्यावर. मागून जावई, "आई, थांबा! आई, थांबा!"

आणखी ता. क. गुरुवारी परत बोलावलंय. तुम्ही याच. बाळाला जावई धरतील. मला धरायला तुमच्याइतकं दणकट माणूस आपल्या दोन्ही घरांत नाही.