पंचांपुढची पेटी

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. संस्थान होतं तेव्हा भोरच्या प्रदर्शनात घरी केलेल्या लाकडी कोड्यांची चढाओढ ठेवली होती. मास्तरांनी आपल्या गावात, आंबवड्याच्या चावडीपुढे नियम वाचून दाखवले. खिळा नको, विकतचं काही नको, मोडून उघडलं तर बाद, आणि ज्यानं केलं त्यानंच पंचांपुढे उघडून दाखवायचं. घरी येऊन ते नियम तुम्ही मला सांगितलेत. दादाला नाही, मला. कारण पटाशी माझ्याच हाताला वळायची. आपल्या सुतारांत बाईनं हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून तुम्ही दार लोटून शिकवायचात, आणि बाहेर चाहूल लागली की माझ्या हातातला रंधा काढून सूप द्यायचात. तेव्हा गंमत वाटायची. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

सागाची पेटी मी केली. कडी नाही, कुलूप नाही. पालथी धरली की आतली खुंटी आपल्याच वजनानं सरकायची आणि तळ सुटायचा. तुम्ही बराच वेळ खटपट केलीत, उघडेना तेव्हा हसलात. नाव मात्र दादाचं दिलंत. त्याला उघडायला शिकव म्हणालात, मी मुकाट्यानं शिकवलं.

भोरच्या मांडवात दादा उभा आहे. समोर पंच, भोवती माणसं, आणि त्याला दरदरून घाम फुटलाय. पेटी उभीच धरून तो तळ ओढतोय. आणखी ओढला तर खुंटी मोडणार. मला राहवत नाही. बायकांमधून मी म्हणते, "दादा, पालथी धर." सगळा मांडव माझ्याकडे वळतो. म्हातारे पंच तुम्हाला विचारतात, ही कोण? हिनं केली असेल तर हिनंच उघडावी, नियमात बाई-पुरुष काही लिहिलेलं नाही. एवढं सोपं होतं, आबा. तुम्ही नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

तुम्ही म्हणालात, "कुनी न्हाई जी. पोरगी हाय, उगा बडबडती. आमची पेटी बाद धरा."

आणि पेटी घोंगडीत गुंडाळून चालू लागलात. घरी आल्यावर वर मलाच दटावलंत, तोंड आवरता येत नव्हतं का म्हणून. किकवीचं स्थळ आलं होतं, ते मला ठाऊक होतं. हत्यार धरणारी पोर कोण करून घेईल, ही तुमची भीतीही कळत होती. लग्न झालं, संसार झाला, काही कमी पडलं नाही. म्हणून काय झालं? भरल्या मांडवात बापानं मला कुणी नाही म्हटलं, ते कसं विसरू?

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि जाळायला मन होत नाही, तेव्हा राहील फडताळात. हल्ली मी ओसरीवर बसून उघड उघड पेट्या करते. बघणाऱ्या बाया विचारतात, हे कुणी शिकवलं? गप्प बसावं असं फार वाटतं. पण दर वेळी मी तुमचंच नाव सांगते.