दोन घरचा शब्द

राजाजीनगर, बेंगळूरु
रविवार, दुपार

प्रिय अंबू,

चाळीस पोरं एका दमात कविता म्हणताहेत आणि त्यांतला एकच आवाज सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे धावतोय, हे मला अजून ऐकू येतं. बहात्तर-त्र्याहत्तर साल. आपल्या समाजाची मराठी शाळा, वर पत्रा, खाली फरशी, दाराशी चिंच. मी चोवीस वर्षांचा, नोकरीत नवा. मात्रा शिकवायला म्हणून मीच दोन ओळी जुळवल्या होत्या:

चिंचेखाली शाळा भरली, पाटीवरती ऊन,
एकच अक्षर चुकले माझे, घेते मीच पुसून.

मुली 'घेते' म्हणायच्या, मुलगे 'घेतो'. तिथे जरा खडखडाट व्हायचा, आणि त्या खडखडाटातून तुझं 'पुसून' सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचलेलं असायचं, एकटंच. मी पट्टी आपटून म्हणायचो, "अंबू, गाडी सुटत नाहीये." तू म्हणायचीस, "मास्तर, तेच हळू आहेत." तुला आजीचं नाव ठेवलेलं. वर्गातल्या मुली हसायच्या, अंबुबाई म्हणजे म्हातारी म्हणून. तू ते नाव बदललं नाहीस, प्राध्यापक झाल्यावरही नाही. दारावरच्या पाटीवर 'प्रा. अंबुबाई, वनस्पतिशास्त्र' असं वाचलं तेव्हा मी तिथेच उभा राहून ते दोनदा म्हटलं होतं. मात्रा छान बसतात.

आता कविता मी घरात एकटाच म्हणतो. तुझ्या काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेली आर्या राहते, संगणकाच्या कंपनीत आहे. जिन्यात तिला "स्वल्प सरकतेस का, अम्मा" म्हणालो, तर म्हणाली, "काका, तुमचं मराठी कसलं क्यूट आहे!" क्यूट म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण शहात्तर वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तेवढंच त्या दिवसाचं बोलणं. बाकी मी आणि भिंती. कविता म्हणताना शेवटच्या शब्दाशी मी अजून थांबतो, कुणी पुढे धावतंय का बघायला.

तुझी होसकोटेच्या अभ्यासकेंद्रावर बदली झाल्याचं पेपरात वाचलं. तिथे वनस्पतिशास्त्र नाहीच म्हणे, नुसते दूरशिक्षणाचे फॉर्म तपासायचे. चाळीस वर्षं झाडांत घालवलेल्या बाईला फॉर्म! तिथल्या गेटाशी एक पिंपळ आहे, एवढंच मला आठवतं. त्याच्याशी बोलत जा. मी पलीकडच्या घरातल्या शेवग्याशी बोलतो. तो उत्तर देत नाही, पण मान हलवतो.

आपली वही आठवते का तुला? 'दोन घरच्या शब्दांची वही.' सुरुवात तूच केलीस. मी फळ्यावर 'अवांतर वाचन' लिहिलं आणि तू खिदळायला लागलीस. कन्नडात अवांतर म्हणजे घोटाळा. "मास्तर, वाचलं की घोटाळा होतो काय?" मग रोज कुणीतरी एक असा शब्द आणायचं, जो दोन्ही घरी राहतो पण प्रत्येक घरी वेगळा वागतो. अवसर तिकडे घाई, अनुमान तिकडे संशय… आपल्यासारखी तीन-चारशे वर्षं इथे मुरलेली माणसंही त्या शब्दांसारखीच. इकडे मराठी, तिकडे कन्नडिग, आणि दोन्हीकडे थोडी परकी.

आणि तुझे अण्णा. विठोजींच्या शिलाईयंत्राचा आवाज शाळेपर्यंत यायचा. पदवीदानाच्या दिवसांत दुकानभर लाल झगे लटकलेले असायचे, जरीची किनार लावलेले. एकदा सर्वांत मोठा झगा हातावर घेऊन मला म्हणाले होते, "मेष्ट्रे, हा कुणालाही बसतो बघा. खांद्यात स्वल्प सैल ठेवला की झालं. आत माणूस कोण, ते सुईला कळत नाही." मी हसलो होतो. गेले आठ महिने ते वाक्य मला हसू देत नाही.

आता आठ महिन्यांपूर्वीचं सांगतो.

आपल्या विद्यापीठाचा कुलगुरू निवडायला चौघांची समिती नेमतात, अर्ज वाचून तीन नावं राज्यपालांकडे पाठवायची, हे तुला मी काय सांगू. मला त्या समितीत का घेतलं, हेही तुला ठाऊक असेल. म्हातारा, मराठीचा, निवृत्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला मात्र वाटलं, माझी आठवण झाली. पांढरी गाडी दाराशी आली. चालकाने दार उघडून धरलं. विद्यापीठाच्या अतिथिगृहात बशीसकट कॉफी, आणि सगळे "सार, सार" करणारे. रसायनशास्त्राचा आपला गुरुराजही होता समितीत. शाळा सोडून मी विद्यापीठात आल्यावर पंधरा वर्षं आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत एका बाकावर डबे खाल्ले, तो माझ्या चटणीला नावं ठेवायचा. दोन दिवस आम्ही अर्ज वाचले. भांडलो, हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तीन नावं ठरली. पहिलं तुझं.

कुणी दयेने दिलं नव्हतं ते. तुझ्या फायलीत तो कागद होता. चार महिने तुझ्याकडे कुलगुरूपदाचा प्रभार असताना मंत्र्यांच्या कचेरीतून नेमायच्या अध्यापकांची यादी आली होती, आणि तू तिच्या कडेला लाल शाईने लिहून परत पाठवलीस: 'यादी मिळाली. अर्ज कुठे आहेत?' गुरुराजने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही चौघंही टेबलावर हात मारून हसलो. त्या पाच शब्दांपायी आठवड्यात तुझा प्रभार गेला आणि ज्याने ती यादी निमूट घेतली, त्या गृहस्थांना मिळाला. त्यांचाही अर्ज आमच्यापुढे होता. आम्ही तो बाराव्या क्रमांकावर ठेवला होता. तीन नावांचा कागद टंकून आला, चौघांनी कोपऱ्यात आद्याक्षरं केली. पक्की प्रत जेवणानंतर करायची होती.

जेवताना अध्यक्षांना फोन आला. ते व्हरांड्यात गेले. बिसीबेळे भात निवायच्या आत परत आले आणि खाली बघत म्हणाले, "कुलपतिगळ इच्छे बेरे इदे." कुलपतींची इच्छा वेगळी आहे. पक्की प्रत आली तेव्हा तिच्यात तुझं नाव नव्हतं. पहिल्या जागी बाराव्या क्रमांकाचे गृहस्थ होते. गुरुराज माझ्या कानाशी पुटपुटला, "होग्ली बिडी, सार." जाऊ द्या, सोडा. त्याने सही केली. मग मी केली.

अंबू, आपल्या मराठीत कुलपती म्हणजे राज्यपाल. माझ्या कानाने तो शब्द मराठीत ऐकला. मला वाटलं, खुद्द राज्यपालांचा निरोप आहे. निवड कायद्यानेच त्यांच्या हाती, मग मी कोण? घरी येऊन चपला काढताना उमगलं, की अध्यक्ष कन्नडात बोलत होते, आणि कन्नडात कुलपती म्हणजे कुलगुरू. म्हणजे त्या दिवशी प्रभार असलेले तेच गृहस्थ. ज्याला खुर्ची हवी, त्याचीच इच्छा आम्हाला कळवली गेली होती, आणि त्याच्यामागे कोण ते सांगायला नको. मराठीचा मास्तर मराठीपायी फसला. हे मी आठ महिने स्वतःला सांगत आलोय. सांगायला बरं वाटतं. एखाद्या गमतीच्या लेखात शोभेल.

परवा माळ्यावरून ती वही काढली. का काढली? तुझ्या केसमध्ये द्यायच्या प्रतिज्ञापत्रात हा शब्दांचा घोळ नीट मांडावा, सोबत वहीतलं एखादं उदाहरण जोडावं, असं मनात होतं. बाविसावं पान उघडलं. माझंच अक्षर: 'कुलपती. मराठी घरी: राज्यपाल. कन्नड घरी: कुलगुरू. शब्द आणणारी: अंबू, इयत्ता चौथी.' आणि खाली तुझ्या वाकड्या अक्षरात वाक्यात उपयोग: 'आमचे अण्णा कुलपतींचा झगा शिवतात, राज्यपालांचा नाही.'

म्हणजे मला पन्नास वर्षांपासून माहीत होतं, आणि तूच शिकवलं होतंस. पस्तीस वर्षं मी त्याच विद्यापीठात नोकरी केली, कुलपतींच्या सहीने माझा पगार झाला. तो शब्द मी त्या टेबलाशी मराठीत ऐकलाच नाही. कन्नडात ऐकला, बरोबर ऐकला, आणि सही केली. का, ते सांगायची लाज वाटते. धमकी कुणी दिली नाही. मला फक्त ती गाडी पुन्हा दाराशी यावी असं वाटत होतं. दोन दिवस कुणीतरी माझी वाट पाहत होतं. तिसऱ्या दिवशीही कुणी बोलावेल, एवढ्या आशेवर मी तुझं नाव जाऊ दिलं. गाडी काही परत आली नाही.

मग तुझा फोन आला. "मास्तर, एकच विचारते. माझं नाव यादीत होतं?" आणि मी म्हणालो, "वय झालं गं अंबू, आठवत नाही." तू थोडं थांबलीस, "सरी, बरंय, मास्तर. तब्येतीला जपा," म्हणालीस आणि फोन ठेवलास. तू कुणासाठी थांबलेली मी पहिल्यांदा ऐकलं.

तू कोर्टात गेलीस. सरकारतर्फे सांगितलं गेलं की समितीने एकमताने हीच तीन नावं दिली, अंबुबाईंचं नाव कधी नव्हतंच. पेपरात वाचून मी कपाटातला खोका काढला. तुला माझी खोड माहीत आहे, पाठकोरा कागद मी टाकत नाही. त्या दुपारी रद्द झालेला पहिला कागद केराच्या टोपलीत जाणार होता, मी सवयीने घडी करून खिशात घातला. त्याच्या पाठीवर मी भाजीची यादी केली आहे: सब्सिगे (शेपू), दोडका, ओलं खोबरं, लिंबं तीन. पुढच्या बाजूला तुझं नाव पहिलं आणि आम्हा चौघांची आद्याक्षरं. कोर्टात दोडका वाचला गेला तर हसू नकोस.

तुझे वकील सुमंत यांना मी भेटलो. भले आहेत, पण स्पष्ट बोलले. म्हणाले, "एकट्याचं म्हणणं ते सहज उडवतील. म्हातारे आहेत, विसरतात, म्हणतील. तुम्ही स्वतःच तसं बोललात. दुसरं कुणी आहे का?" गुरुराजला तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा त्याची बायको म्हणाली, "पूजेला बसलेत." दुपारचे चार वाजले होते. मी म्हटलं, "अक्का, देवाचं झालं की सांगा, रघुपती सोमवारी वकिलांकडे जातोय. रागावलेला नाही म्हणावं." त्याला चार दिवस झाले. त्याची मुलगी विद्यापीठातच शिकवते, अजून कायम झालेली नाही. त्याला दोष देणारा मी कोण?

तर उद्या सोमवार. मी एकटा जाऊन प्रतिज्ञापत्र करणार, तो कागद देणार, आणि हे पाकीट वकील तुझ्या हाती देतील. प्रतिज्ञापत्रात शब्दांचा घोळ घातलेला नाही. 'मला समजलं होतं, तरीही सही केली' एवढंच लिहून घ्यायला सांगितलंय. म्हातारा विसरतो म्हणाले तर म्हणू देत, मी त्यांना सगळ्या अर्जांचे क्रमांक म्हणून दाखवीन. केस उभी राहील की पडेल, मला कळत नाही. पण फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललो, म्हणून या वेळी हाताने लिहितोय, पुसता येऊ नये म्हणून शाईने. तुझं नाव होतं, अंबू. पहिलं होतं. मला आठवतं. मला सगळं आठवतं.

चुकलं अक्षर मान्य करणारा, तुझाच
रघुपती मास्तर

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बेल वाजली. आर्या असेल म्हणून उठलो. दारात गुरुराज. निवृत्तीच्या दिवशी घातलेला तो तपकिरी कोट, घामाने निथळलेला, हातात डबा. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "चटणी मी आणलीय, तुमची नको. उद्या किती वाजता निघायचं, सार?"