सायबॉर्ग पथक आणि दादाचा गुडघा

सोलापूर, मंगळवार

पुरवणीचा लेख उद्या द्यायचाय, म्हणून जपानी ॲनिमेतलं सायबॉर्ग, म्हणजे अर्ध्या यंत्र-माणसांचं, पोलीस पथक पाहत बसले. शेजारी दादा, रिटायर हवालदार. गुडघा बदलायचं ऑपरेशन महिनाभर टाळतोय. पथकात हाडामांसाचा माणूस एकच, दादा त्याच्यावर खूश. "ह्योच खरा पोलीस. बाकी समदे स्पेअरपार्ट!"

मग छापा पडला. लोखंडी पायांचे सगळे जिना चढून गेले, हाडामांसाच्याला खाली गाडी राखायला ठेवलं.

दादा ताठ झाला. "यालाच खाली ठिवला व्हय?"

गुडघ्यापायी दादाचीही नोकरीतली शेवटची दोन वर्षं जीपजवळच गेली.

दादा गुडघा चोळत म्हणाला, "डॉक्टरला फोन लाव. आन् इचार, जिना कवा चढता येईल?"