तुला निदान विचारलं तरी

प्रिय खारू,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घे. तुझ्या खोलीत भेटायला येणाऱ्यांसाठी जे स्टूल ठेवलंय त्याला पाय चार आहेत, पण जमिनीला टेकतात तीनच. चौथा तत्त्वनिष्ठ आहे, कुणापुढे वाकत नाही. अकरा दिवस मी त्यावर बसले. डावीकडे कललं की ते 'टक्' म्हणतं, उजवीकडे कललं की 'टुक्', आणि सहानुभूतीने पुढे वाकावं तर थेट तुझ्या सलाइनच्या नळीवर तोंडघशी. मी नर्सकडे रीतसर दाद मागितली. ती म्हणाली, "पेशंटची कॉट हलते का? नाही ना? मग झालं तर." वीस वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहून भल्याभल्यांच्या खुर्च्या डगमगवल्याचा टेंभा मिरवणारी मी, मला बुडाखालचं स्टूल स्थिर करता येईना. शेवटी रविवारी तुझ्या लिफ्टवाल्या नवऱ्याने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून पायाखाली सारला आणि म्हणाला, "बसा आता बिनधास्त, ताई." आणि नेमकी त्याच दिवशी मी अर्ध्या तासात उठून चालती झाले.

रविवारी काय झालं ते तुला माहीत आहेच. स्टुलावरून ते कसं दिसलं ते सांगते. डॉक्टरीणबाई आल्या, खिडकीपाशी एक चांगली खुर्ची आहे (आम्हा नातेवाइकांना ती वर्ज्य असते), ती ओढली आणि चक्क बसल्या. कागदावर त्यांनी दोन चित्रं काढली. वार बाळामागून सुटून यायला हवी होती, ती पिशवीच्या भिंतीत रुतून बसली आहे. बाळ काढताना आम्ही तिला ओढलं नाही म्हणून आज तुम्ही माझ्याशी बोलताय, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. आता एक तर ती आत तशीच ठेवायची आणि विरून जाण्याची वाट बघायची, महिनेही लागतील. मध्ये कधीही रक्त सुरू होऊ शकतं, ताप भरू शकतो, आणि पुढे पुन्हा दिवस गेले तर हाच खेळ, कदाचित याहून वाईट. नाहीतर तयारीनिशी, रक्ताच्या बाटल्या हाताशी ठेवून, पिशवी काढून टाकायची. मग ती भीती संपली आणि दुसऱ्या बाळाची वाटही संपली. तू सतरा प्रश्न विचारलेस. त्यांनी सतराही प्रश्नांची उत्तरं दिली, त्यातल्या दोन प्रश्नांना "हे मलाही नक्की सांगता येणार नाही" असं म्हणाल्या. "आज काही घाई नाही. गुरुवारी सांगा," म्हणून संमतीचा कागद ट्रेवर ठेवून गेल्या.

तू पेन उचललंस. हात कागदावर नेलास आणि तिथेच थबकलीस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे चष्म्याच्या काचा सरकवून "आधीची बरी की ही बरी?" असं विचारणारी तू, माझ्याकडे बघून विचारलंस, "ताई, तू काय केलं असतंस?"

आणि मी म्हणाले, "मला कुणी विचारलं नव्हतं. तुला निदान विचारलं तरी." पर्स उचलली आणि निघाले. लिफ्टमध्ये आरसा असतो, हा तुझ्या नवऱ्याच्या धंद्यातला फार मोठा दोष आहे.

तुला वाटलं असेल ताईला बाळाचा हेवा वाटला. लोकांनाही तेच वाटतं; मूल नसलेल्या बाईला दुसऱ्या कशाचा हेवा वाटू शकतो हे त्यांच्या हिशेबातच नाही. खरं सांगते, त्या काचेच्या पेटीतल्या पावणेदोन किलोच्या मॅडमना पाहिलं तेव्हा पोटात कळ आली, नाही असं नाही. टोपी डोळ्यांवर घेऊन झोपल्या होत्या, एखाद्या निवृत्त कर्नलसारख्या. पण ती कळ ओळखीची आहे, येते आणि चहा पिऊन जाते. तुझ्या सासूबाईंनी "पिशवी काढली तर एकीला भावंड कुठून आणायचं?" असं विचारलं आणि शेजारणीने "काढून टाक गं, कटकट मिटते" असा निकाल दिला, त्याचाही मला राग आला नाही, हसूच आलं. आपल्याकडे या अवयवाविषयी सगळे असं बोलतात जणू बाजाराची पिशवी दारामागच्या खुंटीवर टांगली आहे, बंद तुटलाय, आता ठेवायची की टाकायची. गर्भाशय हा शब्द फक्त कागदावर असतो, सहीच्या जरा वर.

मला हेवा वाटला तो त्या खुर्चीचा. दोन चित्रांचा. सतरा प्रश्नांचा. सगळ्यात जास्त "आज काही घाई नाही" या वाक्याचा. कुणी तरी आपल्यासमोर बसून हे वाक्य म्हणावं म्हणून मी सतरा वर्षं भुकेली आहे, हे मला स्वतःलाच रविवारी कळलं. माझ्या वेळी मी शुद्धीवर आले तेव्हा बाळ नव्हतं आणि पिशवीही नव्हती. उशाशी तू होतीस. एकोणीस वर्षांची, परीक्षेच्या हॉलमधून अर्धा पेपर टाकून आलेली, छातीला रोल नंबरची चिठ्ठी अजून टाचलेली. माझा नवरा कामासाठी परगावी, फोन लागत नाही. आई तर कधीच गेलेली. बाबांच्या हातात पेन दिलं तर ते जमिनीवर पडलं. डॉक्टर दारात उभे, उभ्याउभ्याच म्हणाले, "रक्त थांबत नाही. पाच मिनिटं आहेत." आणि तू तुझ्या परीक्षेच्या पेनाने सही केलीस. हे सगळं मला नंतर बाबांनी सांगितलं. तू एक अक्षर बोलली नाहीस. गालात साठवून ठेवायची तुझी खोड लहानपणापासूनची, खारू हे नाव काय उगाच पडलं?

मी मात्र बोलले. बाबांच्या वाढदिवसाला, भरल्या घरात, "आमच्या हिने माझी पिशवी एका सहीत भंगारात काढली" असं म्हणाले. सगळे खो खो हसले. मी तर फार खूश, वाक्य जमलं होतं. तूही हसलीस आणि पाणी आणायला आत गेलीस. पाणी काही आलं नाही. वाक्य जमलं की माणूस बघायचं राहून जातं, हा माझ्या धंद्यातला दोष, लिफ्टच्या आरशाहून मोठा. रविवारी तुझा हात कागदावर थबकला तेव्हा मला ते न आलेलं पाणी आठवलं. सही केली की काय होतं हे तू एकदा बघितलं आहेस. बहीण वाचते, आणि मग सतरा वर्षं टोमणे मारते.

म्हणून सल्ला द्यायच्या आधी मी चार दिवस स्वतःची झडती घेतली. मनात पहिलं आलं होतं ते हे: काढून टाक, म्हणजे आपण दोघी सारख्या. ते झटकलं तर लगेच दुसरं आलं: ठेव, निदान आपल्यातल्या एकीची तरी राहू दे, मी येऊन बघत जाईन. खारू, दोन्ही सल्ल्यांत तू कुठे होतीस? दोन्हीकडे मीच पाय पसरून बसले होते. तेव्हा ठेव की काढ हे मी सांगणार नाही. मला माहीत आहे तेवढं सांगते. पहिले सहा महिने मला बस कंडक्टरने "पुढे सरका" म्हटलं तरी रडू यायचं. मग हळूहळू ते कमी झालं. आवाज घोगरा झाला नाही, मिश्या आल्या नाहीत, नवरा पळून गेला नाही (मी वाट मोकळी ठेवली होती). आतून मी पोकळ झाले असं वाटायचं, पण पोकळ माणसाला इतका हेवा वाटला नसता. आणि वाट बघायची ठरवलीस तरी तो भित्रेपणा नाही; फक्त दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या आत राहा आणि ताप आला तर सासूबाईंचं मत न घेता थेट निघ. डॉक्टरीणबाईंनी ज्या दोन प्रश्नांना "सांगता येणार नाही" म्हटलं, ते आज पुन्हा विचार. समोरचा गोंधळला की काच पुन्हा दाखवतेस ना तू? चूक उत्तर नसतं, बरं दिसतं ते सांगा, असं म्हणतेस ना? तसंच.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, आणि ते देण्यासाठीच हे पत्र. तू काय केलं असतंस, असं तू विचारलंस. मला तेव्हा विचारलं असतं, कुणी खुर्ची ओढून, दोन चित्रं काढून, घाई नाही म्हणून विचारलं असतं, तर मी खूप रडले असते, सतरा प्रश्न विचारले असते, आणि तीच सही केली असती. तू माझ्या मनातलंच केलंस, फक्त मला ते मन सापडायला इतकी वर्षं लागली. हे सांगणं राहिलं होतं. त्या दिवशी सही झाल्यावर तुझं पेन माझ्या फाइलमध्ये अडकून आमच्या घरी आलं, त्याच्यावरही चिकटपट्टीखाली तुझ्या रोल नंबरची चिठ्ठी आहे, अजून. परत देईन देईन म्हणत मी ते खणात मागे सारत राहिले. आज पाकिटात घातलंय. रिफिल नवी आहे, आधी चालवून पाहिली. आज गुरुवार; तू हो लिही नाहीतर नाही लिही, पेन तुझं आहे.

त्या पुठ्ठ्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. चारच्या सुमाराला येतेय.

तुझीच, अजूनही हेवा करणारी,
ताई