नवरीच्या हातातला कोयता

सोनई,
९ जानेवारी २०२५

ती. भागूआक्कास,

कल्याणचा नमस्कार. रोहिणी आणि बाळ खुशाल आहेत. फोनवर विचारलं तर तू "बरी हाय" एवढंच म्हणशील, म्हणून लिहायला बसलोय.

परवाच्या एका फोटोला काय काय लागलं ते सांगतो. भाड्याचा राणीचा गाऊन, रंगीत धुराच्या दोन नळ्या, माझे पाच तास. आणि एक शब्द. त्याची किंमत मला अजून काढता येत नाही.

लग्नाआधीचं शूट होतं, देवळाली प्रवरेला. नवरदेव पार्थ, बागायतदाराचा मुलगा. नवरी रुपाली. थीम राजा-राणी. पहिल्याच फोटोला गाऊनचा घेर कुंपणाच्या काटेरी तारेत अडकला आणि कमरेपर्यंत टरकला. पोरगी रडायला लागली. मी हसून म्हणालो, "राणीला आज सुट्टी. साडी नेसून या, कष्टकरी जोडी करू!" शेजारच्या उसाच्या फडात तोड चालूच होती. अशा वेळी माझं डोकं कसं चालतं, तुला ठाऊक आहे. स्टुडिओत काउंटरमागं कोयता टांगलाय मी. येईल त्याला सांगतो, "हा माझ्या आईचा. ऊसतोड्यांच्या कोपीत वाढलोय, लपवत नाही."

टोळीला हाक मारली, तशी तोंडाला फडकं गुंडाळलेली एक बाई पुढं आली. साडीवरचा शर्ट काढून तिनं नवरीला घातला, डोक्यावर चुंबळ ठेवली, हातात कोयता दिला. पार्थ म्हणाला, "ऊस आमचा, पण तोडायचं काय आपल्याला जमायचं नाही बुवा!" सगळे हसले. बाई नवरीला म्हणाली, "मूठ आवळू नगं गं, मनगट भरून येतंय."

माझे कान तू ओळखतेस. लहानपणी ट्रकच्या आवाजावरून ड्रायव्हर कोण ते सांगायचो. नऊ वर्षांचा असताना माझ्या हातात पहिल्यांदा कोयता आला, तेव्हा तू हेच म्हणाली होतीस. ह्याच आवाजात.

मी डोळ्यावरचा कॅमेरा काढला नाही. म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

"व्हते की, सायेब," तू म्हणालीस.

रुपालीनं विचारलं, "ओळखीच्या आहेत का हो?"

"नाही."

इतकं झटकन निघालं, आक्का, जणू तोंडात तयारच होतं. त्यानंतर मी बारा फोटो काढले आणि त्यातला एकही हललेला नाही. हात कापला नाही माझा. दोन दिवस झाले, मला जेवण जात नाही ते ह्यानं.

दिवाळीला तूच म्हणालीस, पोरगा करण कंपनीत लागला, आता तोड सोडली. मी लगेच खरं धरलं. मला ते सोयीचं होतं.

रविवारी बारसं आहे. आत्यानं कानात सांगितल्याशिवाय पोरीला नाव कसं लागणार? रोहिणी रोज विचारते, आत्याबाईंना कळवलं का. मी रोज म्हणतो, कळवतो. शनिवारी सकाळी गाडी घेऊन कोपीवर येतोय. शिव्या घाल, टोळीदेखत घाल, पण गाडीत बस. नाही बसलीस तर पोरीचं नाव ठेवणार नाही, आणि का ठेवलं नाही ते विचारेल त्याला सांगेन.

पत्र मुकादमाच्या हाती देतोय. तुझ्या दिपालीकडून वाचून घे. भाचीसमोर मामाची लाज जाईल. जाऊ दे.

तुला मावशी म्हणालेला,
तुझा भाऊ
कल्याण

ता. क. काल तो फोटो मोठा करून बघितला. नवरीच्या हातातल्या कोयत्याच्या मुठीला तांब्याची तार आहे, आईनं गुंडाळलेली. माझ्या भिंतीवरचा मी बाजारातून आणलाय. त्याला अजून धारसुद्धा लावलेली नाही.