भावोजी आणि छातीतली बॅटरी

३ जून
डोक्यात तारा घालणार! नक्की झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत खोल दोन तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. हाताचं दुखणं जाईलच असं नाही, पण त्याचा त्रास वाटणार नाही." मला तेवढंच हवंय. दात-ओठ न खाता दहा मिनिटं उभं राहता आलं की झालं. घरच्या छपाईच्या प्रेसमध्ये नवं मशीन येतंय, त्याचा कार्यक्रम आहे. थोरले दीर मधल्या खुर्चीत मिरवणार. मलाही दोन शब्द बोलायचेत म्हणून नवऱ्याकडून नाव घालून घेतलंय. सगळ्यांदेखत त्यांचं पितळ उघडं पाडणार!

४ जून
हात जळतोय. सासूबाई म्हणतात, "जखम कधीच भरली, मग दुखतं कसलं?"

भरली म्हणे! कागद कापायच्या मशीनची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी भावोजींनीच काढून सुतळीने मागे बांधली होती, जाड गठ्ठे भराभर उरकावेत म्हणून. माझा डावा हात गठ्ठा दाबणाऱ्या पट्टीखाली चिरडला. मी दवाखान्यात, आणि भावोजींनी जाळी परत बसवली! तपासणीच्या सरकारी साहेबांना तोंड वर करून सांगितलं, "जाळी होती. हिनेच खालून हात घातला." नवरा तर काय, "दादा कशाला खोटं बोलेल?"

बघतेच.

१२ जून
ऑपरेशन झालं. जागं ठेवून! डोकं चौकटीत आवळलेलं, आणि डॉक्टरीणबाई सारखं विचारतायत, "आता काय वाटतंय?" मी मनातल्या मनात भावोजींना शिव्या घालत होते. एक शिवी मधेच अडली. पुढची आठवेचना. "हात दुखतोय," म्हटलं, "पण दुखू दे." त्या एकदम खूश!

२५ जून
बॅटरीवर चकती धरून चार्ज करायची, हे आता रोजचं झालं. हात तसाच जळतो, पण शेजारच्या घरात भांडण चालल्यासारखा. भाषण पाठ करायला बसले. कंटाळा आला. उठून खिडक्या पुसल्या.

९ जुलै
कार्यक्रम झाला. माझं नाव पुकारलं. उभी राहिले, म्हटलं, "मशीन छान आहे." आणि बसले.

नंतर भावोजी घरी चहाला आले. माझ्याकडे बघत राहिले. मग सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर बोलले — "जाळी मीच काढली होती गं. तू इतकी शांत झालीस, सगळं पोटात घातलंस. आता लपवू कशाला?" सासूबाईंनी मान खाली घातली. नवरा म्हणाला, "जाऊ दे, दादा." मीही म्हटलं, "जाऊ द्या, भावोजी." त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. बशीही पुसून दिली.

११ जुलै
काल चार्ज करायचं राहून गेलं. आज भांडी घासता घासता बॅटरी संपली. हात पेटला. कळ डोक्यात गेली, आणि ती पुसलेली बशी आठवली!

नवरा चकती घेऊन धावत आला. "लाव आधी!" म्हटलं, "नाही. आधी भावोजींना बोलवा. तपासणीच्या साहेबांकडे जायचंय. घरात बोललात ते तिथे बोला म्हणावं, साक्षीला तुम्ही आणि सासूबाई. तोवर मी ही लावणार नाही. लावली की परत 'जाऊ द्या' म्हणेन."