एकट्या कोबीची आणि इतर सामानाची व्यवस्था

सगळ्यात आधी आली ती मोजणीवाली बाई, आणि तीही दहाच्या आत! तिचे दोघे मदतनीस मागून, चिखल चुकवत. म्हटलं, "या, चहा घ्या." तर म्हणे, "आजी, आधी ओळी दाखवा." चहाच्या आधी ओळी मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. पण ते पुढे येईल. आधी कायद्याचं.

मी, खाली सही करणारी, वय अंदाजे एक्क्याऐंशी (जन्मले तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही, सगळे कामात होते), शिक्षण दोन इयत्ता, डोकं जागेवर, कान एकच, कुणाच्याही दबावाशिवाय आणि सूनबाई आत भांडी घासत असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मी मजेत आहे. मरायची घाई नाही.

कलम एक, जमीन. ती मला कुणालाच देता येत नाही, कारण ती माझी एकटीची नाही, आम्हा सगळ्यांची आहे. माझ्या आईच्या वेळी सरकारने ती आमच्या लोकांकडून काढून घेतली, तिथे मोडक्या मोटारींचं आवार केलं आणि आम्हाला म्हणाले, दुकानातलं डब्यातलं खा. तीन वर्षांपूर्वी परत दिली ती अटीवर: तीन वर्षांत लागवड डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर जमीन पुन्हा आवाराकडे. आम्ही तेल प्यालेली माती टोपल्यांनी उपसली, पाचोळा घातला आणि आमच्या रीतीने पेरलं. एका खड्ड्यात मका, त्यावर चढायला घेवडा, खाली भोपळा, कडेला ज्याला जागा मिळेल ते. एकटं रोप लावायचं नाही, ही आमची रीत. आज बत्तीस घरं त्यातून जेवतात, बाळंतीण आणि आजारी आधी. पण लांबून बघाल तर नुसतं रान माजलेलं. आणि मोजणीवालीच्या फॉर्मात रकाना एकच: ओळींची संख्या.

कलम दोन. माझी पहार पुतण्याला, म्हणजे सरळ्याला. तो बस दुरुस्त करतो. त्याला सगळं सरळ लागतं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. युक्ती त्याचीच: रस्त्याच्या कडेला दोरी धरून कोबीच्या सहा ओळी लावायच्या, फक्त दाखवायला. "काकू, शेजारी काही पेरायचं नाही. शपथ घ्या." सगळ्यांनी घेतली. मी सगळ्यात मोठ्याने.

कलम तीन, कबुली. दुसऱ्याच दिवशी मी तिकडून चालले होते. कोपऱ्यातला कोबी इतका एकटा दिसत होता, जसा काही लग्नघरी कुणी ओळखत नसलेला पाहुणा. मी त्याच्या पायाशी घेवड्याचा एक दाणा टोचला. एकच. खरं सांगायचं तर चार.

आता मोजणीवाली आली तर ओळी कुठायत? सहाच्या सहा घेवड्याने गिळलेल्या! सरळ्या डोकं धरून खाली बसला. मी ओरडले, "कुणी केलं हे? लाज नाही वाटत?" सूनबाईने मान खाली घातली, दाईने घातली, शिंपिणीने घातली. म्हणजे प्रत्येकीने चोरून टोचले होते. मग मीही घातली, पण गुडघा दुखतोय असं म्हणून.

सरळ्या, पहिला दाणा माझा. मी गेल्यावर रागव. मात्र मधल्या ओळीत भोपळे होते, बरोबर हातभर अंतरावर, दोरी धरून लावल्यासारखे. ते कुणाचे ते मला माहीत आहे. मी कुणाला काही बोलले नाही.

कलम चार. बियांचे डबे सूनबाईला. झाकणांवर बिस्किटांची चित्रं आहेत, त्यावर जाऊ नये. तिने ते नुसते जपू नयेत, मागेल त्याला मूठभर द्यावं. गुडघ्याचा पट्टा दाईला. खुर्ची शिंपिणीला, अकरा वर्षं माप घेतल्यासारखी बघतेय तिच्याकडे. आवारवाल्याला त्याचं मोटारीचं दार परत द्यावं. सध्या ते कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. कोंबड्या देऊ नयेत.

कलम पाच, सगळ्यात महत्त्वाचं. मोजणीवाली म्हणाली, "आजी, इथे काहीच नाही. शून्य लिहावं लागेल." म्हटलं, "लिही, पण जेवून." तिसऱ्यांदा वाढून घेताना विचारते, "एवढं सगळं आणता कुठून?"

"तिथून."

"पण तिथे तर काही नाही!"

"मग तू आत्ता काय जेवलीस, बाई?"

तिने रिकामं ताट बोटाने पुसून घेतलं. मग फॉर्म मिटून म्हणाली, "हे माझ्या हातात नाही. साहेबांना घेऊन येते. निकाल तेच देतील."

म्हणून लिहून ठेवते: साहेबांना आधी ताट, मग शेत. मी त्याआधीच गेले तर मला मागच्या खोलीत नीट झाकून पंखा लावावा, आणि साहेब तिसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत कुणी रडायचं नाही. सूनबाई, विशेषतः तू. नंतर पुराल तेव्हा एकटी पुरू नका. डोक्याशी मका, पायाशी घेवडा. सरळ पुरलंत तरी चालेल, सरळ्याला बरं वाटेल.

सही: आजी (अंगठाही दिला आहे, शंका नको)

साक्षीदार पहिली: मोजणीवाली. सही निघताना, कोऱ्या कागदावर केली. मजकूर मी मग वर भरला.
साक्षीदार दुसरा: पाववाला. वाचून, हसून.

ठिकाण: मागचा ओटा, जिथून शेत दिसतं.
दिनांक: घेवड्याच्या तिसऱ्या तोडणीचा शुक्रवार.

ता. क. साहेबांना घेऊन येते म्हणालीय ती येत्या बुधवारी. वेळ तिनेच सांगितली: जेवणाची.